दुसरी पट्टी

मी, निवृत्त सुईण, वय वर्षे बहात्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता (आजवर आले नाही, आता काय येणार) हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे पूर्ण नाव, पत्ता आणि घराचा क्रमांक वकिलांनी वेगळ्या पानावर टंकून घेतला आहे. धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीत, मला सगळे सुईणबाई म्हणतात, आणि या कागदापुरते तेवढे पुरे.

मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. तिसऱ्या पायरीवर ते स्वतःच चुकले, मी दुरुस्त केले. हृदयाची एक झडप मात्र नीट मिटत नाही. काळजी घेतली तर वर्षभर चालेल, असे ते म्हणतात. काळजी मी आयुष्यभर दुसऱ्यांची घेतली, स्वतःची घेण्याची सवय नाही. म्हणून हा कागद.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा रागाच्या भरात किराणा मालाच्या यादीमागे चार ओळी खरडल्या होत्या. कोणाला सापडल्याच तर त्या रद्द समजाव्यात.

कलम १. माझे दुखणे बळावले तर धर्मगुरूंना वेळेवर बोलवावे. वेळेवर म्हणजे मी बोलू शकते तेव्हा. 'उगाच घाबरेल' म्हणून घरचे लोक थांबतात आणि फादर तेल घेऊन येईपर्यंत माणूस गार पडलेले असते, हे मी फार वेळा पाहिले आहे. मी घाबरणार नाही. मला माझी कबुली द्यायची आहे, कपाळाला आणि तळहातांना तेल लावून घ्यायचे आहे, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा आहे, आणि हे सगळे डोळे उघडे असताना. उशीर करणाऱ्याला मी वर गेल्यावरही सोडणार नाही.

अंत्यविधीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पेटीवाल्या बाईंनी गाणी रडतखडत वाजवू नयेत. मी आयुष्यभर लोकांना जगात आणले. मला जरा भरभर निरोप द्यावा.

कलम २. माझे घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ज्याची कडी वर उचलली तरच लागते असा संडास, यात माझ्या भावजयीला ती जिवंत असेपर्यंत राहण्याचा हक्क असावा. माझा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे आणि आम्ही दोघी रोज डाळीतल्या मिठावरून भांडतो. तिच्या पश्चात घर माझ्या दोन्ही भाच्यांना समसमान मिळावे.

हे भाचे जुळे आहेत, वय एकोणतीस. वीस मिनिटे आधी आलेला तो थोरला. तो शीतकपाटे दुरुस्त करतो, त्याला बायको आहे, एक मुलगी आहे आणि चर्चला यायला वर्षातून दोनदाच वेळ असतो. मागून आला तो शेपूट. हे नाव त्याच्या बापाने ठेवले आणि ते चिकटले. शेपूट सेमिनरीत आहे. येत्या बारा सप्टेंबरला बिशप त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा देणार आहेत. आमच्या घराण्यात आजवर कोणी फादर झालेले नाही, म्हणून भावजयीने पडदेसुद्धा नवे शिवले आहेत.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधीचा खर्च व्हावा आणि उरेल ते प्रसूतिगृहाच्या लहान बाळांच्या खोलीला द्यावे. भाच्यांनी तोंड वाकडे करू नये. ते दोघे त्याच खोलीत जगले.

कलम ४. माझी कामाची पेटी. यात नाळ कापायच्या दोन कात्र्या, चिमटे, उलटे लटकणारे छातीवरचे घड्याळ आणि स्टीलचा लहान पेला आहे. पेटी माझ्या हाताखाली शिकलेल्या डावखुऱ्या परिचारिकेला द्यावी. तिला सुरुवातीला मी फार बोलले. डावा हात बघून मला धडकी भरायची. आज तिच्याइतका हलका हात माझाही नव्हता, हे तिला कोणीतरी वाचून दाखवावे, कारण माझ्या तोंडून ते निघणार नाही.

पेल्यातून चहा पिऊ नये. तो कशाचा आहे ते पुढे येते.

कलम ५. आता दप्तरी. चर्चच्या ऑफिसातले बाप्तिस्म्याचे, लग्नाचे, मरणाचे दप्तर गेली बेचाळीस वर्षे हे गृहस्थ सांभाळत आहेत. आमच्याच इमारतीत तळमजल्याला राहतात. त्यांचे आणि माझे का पटत नाही, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

बाप्तिस्मा धर्मगुरूंनी द्यायचा. पण बाळ जाते की राहते अशी वेळ आली आणि फादर जवळ नसले, तर कोणीही द्यावा, अशी चर्चची मोकळीक आहे. साधे पाणी, डोक्यावरून वाहील इतके, आणि सोबत शब्द: मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. चौतीस वर्षांत मी अशी एक्केचाळीस बाळे त्या स्टीलच्या पेल्याने भिजवली. निम्मी गेली, निम्मी राहिली. पाणी घातले की मी बँडेजच्या कापडाची एक चिंधी त्या बाळाच्या मनगटाला बांधायची. ही पद्धत माझी स्वतःची. गडबडीत कोणाचे झाले, कोणाचे राहिले, ते पट्टीवरून कळे. बाळ जगले तर घरचे त्याला पुढे चर्चमध्ये आणत. मग फादर तेल, पांढरे वस्त्र, मेणबत्ती असे राहिलेले विधी करत. पाणी मात्र पुन्हा घालत नसत. ते एकदाच घालायचे असते.

दप्तरींना हे पटायचे नाही. नियम त्यांनाही ठाऊक होता, पण माझ्यावर भरवसा नव्हता. "साक्षीदार कोण? किती वाजता? शब्द नेमके काय म्हणालात?" एकदा तर लग्नाच्या दाखल्यासाठी ही लांब रांग लागलेली असताना त्यांनी मला सगळ्यांसमोर ते शब्द म्हणून दाखवायला लावले, शाळेतल्या पोरीसारखे. वर म्हणाले, "बाई, तुमचा हात फार घाईचा. एक दिवस चुकाल."

त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली की या माणसाला 'मी म्हटलं होतं' म्हणायची संधी जन्मात द्यायची नाही.

माझे पितळी दांडीचे भिंग मी दप्तरींना देते. त्यांना हल्ली स्वतःचेच अक्षर वाचता येत नाही.

कलम ६. हे कलम लिहायला मी तीन दिवस टाळाटाळ केली. आता लिहिते.

एकोणतीस वर्षांपूर्वी भावजयीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. दुपारचे दोन वाजले होते, प्रसूतिगृहात डॉक्टर आणि मी. पहिला झाला तो निळा. मी पाणी घातले, शब्द म्हटले, पट्टी बांधली. वीस मिनिटांनी दुसरा झाला, तो रडेचना. पाठ चोळली, तोंड साफ केले, तेव्हा कुठे मांजराच्या पिल्लाएवढा आवाज निघाला. ऊब मिळावी म्हणून दोघांना एकाच टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवले, बाजूला गरम पाण्याची बाटली. मग पेला भरला, हाताशी आले ते डोके धरले, पाणी घातले, शब्द म्हटले. खिशातून दुसरी पट्टी काढली, टॉवेल बाजूला करून मनगट धरले, आणि त्या मनगटाला आधीच पट्टी होती.

मी थोरल्यालाच दोनदा भिजवले होते.

पेल्यात पाणी उरलेले नव्हते. नळ चार पावलांवर होता. तेवढ्यात डॉक्टर ओरडले, "बाई, इकडे या!" भावजयीला रक्तस्राव सुरू झाला होता. मी पट्टी खिशात कोंबली आणि तिच्याकडे धावले. तिथून तिच्याबरोबर रुग्णवाहिकेत, तिथून मोठ्या इस्पितळात, आणि दोन दिवस तिच्या खाटेशी. ती वाचली. बाळेही काचेच्या पेटीत तग धरून राहिली. धोका टळल्यावर पाणी घालायचा हक्क माझा उरला नव्हता. माझे काम एवढेच होते की फादरांना सांगायचे, एकाचे राहिले.

दोन महिन्यांनी दोघांना चर्चमध्ये नेले. त्या वेळचे फादर स्नानकुंडापाशी उभे. शेजारी दप्तरी, हातात उघडे दप्तर, पेनाचे टोपण काढलेले. फादरांनी विचारले, "दोघांनाही पाणी घातलं होतं ना, बाई?"

दप्तरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

मी म्हणाले, "हो, फादर."

शेपटाला तेल लागले, पांढरे वस्त्र मिळाले, मेणबत्ती मिळाली. पाणी नाही. पुढे त्याने पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला, बिशपांकडून त्याचा दृढीकरणाचा संस्कार झाला, आणि प्रत्येक वेळी मी मागच्या बाकावर बसून होते. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याला पुढचा एकही संस्कार लागत नाही. पायाच नसेल तर माडी चढून काय उपयोग? आणि आता तो फादर व्हायला निघाला आहे. तो देईल तो ख्रिस्तप्रसाद नुसती भाकरी राहील, तो ऐकेल त्या कबुलीची क्षमा हवेत जाईल, आणि त्यालाच काय, कोणालाच कळणार नाही. दोनदा न्हालेला चर्चकडे फिरकत नाही, आणि ज्याला थेंब मिळाला नाही तो वेदीवर चढणार! देवाला विनोदाची आवड असावी, पण हा विनोद त्याने केलेला नाही, मी केला आहे.

दर महिन्याला मी कबुली दिली. डाळीतले मीठसुद्धा सांगितले. हे सांगितले नाही.

कलम ७. ती दुसरी पट्टी माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. माझ्या मृत्यूनंतर ती आणि वरचे कलम शेपटाला द्यावे. त्याने आधी बाप्तिस्मा घ्यावा, त्यानंतरच घराचा अर्धा हिस्सा त्याच्या नावावर व्हावा.

कलम ८. शीतकपाट थोरल्याला

इथे मी पेन खाली ठेवले आहे.

आज चार ऑगस्ट. दीक्षा बारा सप्टेंबरला. डॉक्टर म्हणतात झडप वर्षभर चालेल. म्हणजे मी जगले तर माझा भाचा न झालेला फादर म्हणून वर्षभर लोकांची पापे ऐकत बसेल, आणि हे टळावे म्हणून मी लवकर मरायला हवे! कलम एकमध्ये मी जगाला दम देते की फादरांना वेळेवर बोलवा, आणि स्वतः मात्र गार पडल्यावर सांगणार. घराचे आमिष दाखवून, तेही ज्याने घरदार सोडले त्याला. असला कागद मी दुसऱ्याचा वाचला असता तर त्याच्या तोंडावर फेकला असता.

सही करत नाही. आधी तळमजल्यावर जाऊन येते.

पुरवणी. दिनांक सत्तावीस ऑगस्ट. मन अजून ठिकाणावर आहे. झडपही आहे.

सर्वांत कठीण काम आधी करावे, म्हणून मी त्याच दिवशी दप्तरींकडे गेले. ते जेवायला बसण्याच्या बेतात होते. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पट्टी कोणत्या हाताला होती?"

"डाव्या."

"गाठ तुमचीच? ओळखलीत?"

"माझीच. दुहेरी."

"आणि त्यानंतर धाकट्याला कोणीच पाणी घातलं नाही?"

"कोणीच नाही."

त्यांनी जेवणाच्या ताटाशेजारी वही ओढून हे सगळे लिहून घेतले. मी वाट पाहत उभी राहिले. शेवटी मीच म्हणाले, "म्हणा आता. एकोणतीस वर्षं तुम्हाला म्हणू दिलं नाही. म्हणून टाका एकदाचं."

ते म्हणाले, "म्हणायचं होतं हो. पण तुमचा चेहरा बघून भूकच मेली. बसा. दोन घास खा."

मी तिथे जेवले. डाळीत मीठ बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी आमचे तरुण फादर बिशपांशी बोलले. शेपूट सेमिनरीतून आला. मी त्याला स्वयंपाकघरात, त्याच्या आईसमोर, सांगितले. तो पांढराफटक पडला. मग म्हणाला, "आत्या, मला माहीत नव्हतं, त्याचं काही नाही. तुला माहीत होतं. माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला माझ्या शर्टाची कॉलर तूच नीट केलीस, आणि तुला माहीत होतं." चहा तसाच ठेवून तो निघून गेला. सहा दिवस त्याचा काही निरोप नाही. मी बऱ्याच बायकांच्या कळा पाहिल्या आहेत, काहींना स्वतः धरून बसले आहे. हे सहा दिवस मला कोणी धरले नाही आणि मी तशी अपेक्षाही केली नाही.

सातव्या दिवशी दोघे भाऊ एकत्र आले. भावजय त्याला सेमिनरीत जाऊन भेटली होती, हे मला तेव्हा कळले. तिने त्याला एवढेच विचारले होते, "वन्सं नळाकडे गेल्या असत्या तर तुला आज आई असती का?" तरीही तो माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी थोरला म्हणाला, "आत्या, माझ्याकडे म्हणे एक जास्तीचा बाप्तिस्मा पडून आहे. वापरही फारसा नाही. तो याच्या नावावर करून टाक, म्हणजे वाटणीचा प्रश्नच मिटला." शेपूट हसला. हसता हसता रडायला लागला, आणि माझ्या मांडीवर डोके ठेवून म्हणाला, "खोटं का बोललीस गं?" मी म्हणाले, "लाजेखातर. दुसरं काही कारण नाही." खरेच दुसरे कारण नव्हते.

बाप्तिस्मा गेल्या शनिवारी सकाळी झाला. आधी फादरांनी पुस्तक उघडून सांगितले की शंका असेल तिथे 'जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' असे म्हणून पाणी घालतात, आपणही तसेच करू, म्हणजे कोणाला बोल लागणार नाही. मी म्हणाले, "जर नको, फादर. मला शंका नाही. मी पट्टी पाहिली."

"बाई, इतक्या वर्षांची गोष्ट आहे. आठवणीत काही इकडचं तिकडं…"

तेव्हा मागून दप्तरी बोलले. "फादर, ही बाई म्हणते नाही झाला, तर नाही झाला. मी दप्तरात 'जर' लिहिणार नाही."

बेचाळीस वर्षांत या माणसाने माझ्या शब्दावर पहिल्यांदा भरवसा ठेवला, तोही माझी चूक नोंदवताना.

फादरांनी बिशपांना पुन्हा विचारून घेतले आणि 'जर' गाळले. पाणी माझ्या पेल्याने घातले. शेपटाची मान वाकलेली, केसांतून पाणी ओघळून कॉलरीत जात होते. मी टॉवेल धरून उभी होते. मग प्रार्थनेच्या पुस्तकातून ती पट्टी काढली. पिवळी पडलेली, दीड किलोच्या बाळासाठी फाडलेली. त्याच्या मनगटाभोवती तिची टोके एकमेकांना शिवेनात. त्याने करंगळी पुढे केली.

"हिला बांध, आत्या."

बांधली. दुहेरी गाठ.

बिशपांनी दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद त्याच मिस्सात दिला. दीक्षा नोव्हेंबरवर गेली आहे. तोपर्यंत झडपेने कळ काढायची आहे. तिला मी तसे बजावले आहे. माझी स्वतःची कबुलीही झाली. शिक्षा म्हणून फादरांनी काय सांगितले ते माझ्याजवळ राहील. दीक्षेनंतर माझ्या कलम एकमधले तेल शेपटानेच आणावे, आणि वेळेवर आणावे.

म्हणून वरील मजकुरात पुढील बदल करते.

कलम ५ मधली देणगी रद्द. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही, असे वकील म्हणतात. दप्तरींची साक्ष मला हवीच आहे, म्हणून भिंग त्यांना आजच हातात दिले.

कलम ४ मधला पेला डावखुऱ्या परिचारिकेकडेच जावा. तिने पट्टी आधी बघावी, पाणी नंतर घालावे.

कलम ६ खोडू नये. ते खरे आहे.

कलम ७ पूर्णपणे रद्द. घराचा हिस्सा शेपटाला विनाअट मिळावा. त्यात उल्लेखलेली पट्टी आता माझ्या मालकीची नाही.

कलम ८. शीतकपाट थोरल्याला. दुरुस्त करून घ्यावे.

हे सर्व मी लिहिले, वाचले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: सत्तावीस ऑगस्ट, सकाळी साडेदहा.

(सही) सुईणबाई

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. बाई शुद्धीत आहेत. वजाबाकी पुन्हा विचारलेली नाही.

साक्षीदार २: (सही) दप्तरी. मजकूर भिंगाने संपूर्ण वाचला. धाकट्याच्या नावापुढे दप्तरात गेल्या शनिवारच्या बाप्तिस्म्याची दुरुस्ती केली आहे. गाठ मी स्वतः पाहिली. बाईंचीच आहे.